इसामूचा वाढदिवस

बर्फाच्या कारखान्यामागे आमचं कोर्ट.
नेट म्हणजे बाबांचं बाद झालेलं बांगड्याचं जाळं,
दोन्ही टोकांना सुरूचे वासे.
बॉल त्यात अडकला की खवले घेऊनच परत येतो.
तारामुंबरीत ह्याचं कुणाला काही वाटत नाही.

आज सतरा नोव्हेंबर.
इसामू आज सतरा वर्षांचा. गेल्या वर्षीही सतराचाच होता.
चार नंबर, लिबेरो,
स्मॅश मारत नाही, नेटपाशी उडत नाही,
फक्त पडणारं उचलतो.
तीनशे बारा प्रकरणं उचलत आला
आणि मालिका संपली तेव्हा, शेवटच्या चौकटीत,
बॉल त्याच्या मनगटाच्या वीतभर वर होता.

तिथेच आमच्यात फूट पडली.
प्रज्योत धुरी म्हणतो, उचलला.
मृणाली तारी म्हणते, वीतभर अंतर काय असतं
ते मला विचार, मी जिल्ह्याच्या संघातून वीतभरानेच राहिले.
दोन महिने ती दोघं एका बाकावर बसली नाहीत.

माझं काम वह्यांचं.
धाकट्यांना पडद्यावरचं इंग्रजी पळता पळता वाचता येत नाही,
म्हणून मी मालवणीत उतरवते,
शेजारी पेन्सिलने चित्र.
त्यांचा कोच ‘आणखी एक’ म्हणून ओरडतो
तिथे मी ‘वड रे’ लिहिलं,
रापणीवर म्हणतात तसं.
जपानातून अजून हरकत आलेली नाही.

बाबांनी ती मालिका एकदाच पाहिली, तीही उभ्यानेच,
हातात जाळं विणायची सुई.
पोरं बंदरावरून शाळेत धावत होती,
मागे दोरीवर माकलं वाळत होती,
आणि इसामू पहिल्यांदाच रडत होता.
बाबा म्हणाले, “ती होडी बग.
दोरी चुकीची बांदली हा. सकाळपर्यंत ऱ्हवाची नाय.”
आणि गेले.
मी तो भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला.
खरंच, गाठ चुकीची होती.

तर केक.
देवगडच्या बेकरीला फोन मीच केला.
“कोणाचो वाढदिस?”
आमच्यातलोच एक.
“खय असता?”
जपानात.
“बोटीवर हा काय?”
मी हो म्हटलं. नाहीतर काय सांगणार?
नाव दोनदा सांगितलं, मागे मिक्सर चालू होता.

केक पूल ओलांडून स्कूटरवरून आला.
उघडला तर निळ्या क्रीममध्ये
हॅपी बर्थडे इस्माईल.
आणणारा पोरगा वाकून वाचत राहिला.
“हे तर माझं नाव,” म्हणाला,
“पण माझा वाढदिवस जूनमध्ये झाला.”
मृणाली एवढी हसली
की प्रज्योतच्या खांद्यावर हात ठेवून हसली.

वाशाला चिकटवलेल्या इसामूच्या चित्रापुढे
पहिला तुकडा ठेवला.
आम्ही टाळ्या वाजवतोय
तोवर कावळ्याने उचलला.
“शिवलो,” धाकट्यांतला कोणीतरी म्हणाला,
अगदी शांतपणे, मोठ्या माणसासारखं.
“मेलोहा काय तो?” प्रज्योत ओरडला.
मग कोणीच काही बोललं नाही.
कारखान्यात बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं
ते बरंच झालं.

इस्माईलला थांब म्हटलं.
तो फुटबॉलवाला, हाताने खेळणं त्याला अन्याय वाटतं,
दोन बॉल पायानेच उडवले, एक खाडीत.
तो काढायला गेलो तेव्हा चित्राकडे बोट करून
त्याने विचारलं, ह्याचं पुढे काय झालं?
प्रज्योतने तोंड उघडलं. मृणालीनेही.
दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

“मग पहिल्यापासून दे,” तो म्हणाला.
मी एक नंबरची वही दिली.
त्याने ती केकच्या रिकाम्या खोक्यात ठेवली,
खोकं पायांत धरलं,
आणि पुलावर चढेपर्यंत हळू गेला.

तिसऱ्या पानावर ते बंदर आहे.
तिथली गाठ मी बाबांना विचारून
नीट काढली आहे.
हे त्याला सांगायचं राहिलं.