सील ठोकायचा पाईप

कंपनीचं हत्यार परभणीला मिळतं,
अकराशे रुपये, वर जाण्यायेण्याचा एक दिवस.
केरबा घुगेंच्या गाडीला तेवढा दिवस नव्हता.
चार कॅन दूध, येलदरी रोडचे खड्डे,
आणि पुढच्या शॉकअपमधून गळणारं तेल
ओघळत ओघळत पार ब्रेकच्या ड्रमपर्यंत.
"मिस्त्री, ब्रेक दाबला की गाडी इचार करती,
थांबू का नको."

इलियासचाचांनी शॉकअप मांडीवर घेतला,
कोकराचा पाय बघावा तसा.
जुनं सील उपसलं, ओठ फाटलेला,
त्यात वाळूचे दोन कण.
नवं सील नुसत्या हातोडीनं बसत नाही.
एक बाजू आधी गेली की वाकडं,
वाकडं बसलं की आठ दिवसांत परत रडणार.

मागच्या बोळात गंगणेंच्या बोअरचा
सव्वा इंची पाईप पडला होता.
दोन उन्हाळे चालली ती बोअर,
तिसऱ्यात फुफाटा ओकली.
"त्येच आन," चाचा म्हणाले,
"नळीपेक्षा चार बोटं जास्त काप."

मी आरी लावली. वाकडी गेली.
चाचांनी गल्ल्यातून कुणाची तरी लग्नपत्रिका काढली,
पाईपाला गुंडाळली, कडेला कड जुळवली,
"हितं रेघ मार."
मग शहाबादी फरशीवर पाणी टाकून
मी घासत बसलो, गोल, उलट गोल,
दुपारची नमाज पढून चाचा परत येईपर्यंत.
त्यांनी पाईप काचेवर उभा केला, खालून डोकावले.
कुठूनच उजेड येत नव्हता.
बाहेरून केसभर कानस,
आणि झालं हत्यार.

नळीवरून पाईप सरकवला.
मी लाकडी मोगरी मारत होतो, ते तळवा टेकवून बसलेले;
चाळीस वर्षं सायलेन्सरशेजारी गेलेले कान
केव्हाच संपले होते.
टक. टक. टक. टक.
मग एक आवाज जाड आला.
मी "बसलं" म्हणायच्या आधी
त्यांनी हात वर केला होता.

केरबांनी मजुरीवर अर्धा लिटर दूध दिलं.
चहाला शॉकअपच्या तेलाचा वास,
तरी दोन-दोन कप झाला.

आता सेलूला माझं दुकान आहे.
कंपनीचं हत्यारही आहे, चकचकीत,
गिऱ्हाइकाला दिसेल असं टांगलेलं.
हात जातो तो पाईपाकडेच.
पण ठोकून ठोकून त्याचं वरचं टोक
फुलासारखं पसरतं,
दर दोन वर्षांनी थोडं कापावं लागतं.
चार बोटांतलं एक उरलंय.

काल हातनूरचा एक जण चेन घट्ट करायला आला.
मी सहज विचारलं,
"तुमच्याकडं कुणाची बोअर आटली का हो यंदा?"
तो माझ्याकडं बघतच राहिला.
मी मान खाली घालून
चेनला जरा जास्तच ऑइल लावलं.