उलट्या फळ्या

त्रिएस्तेहून जाताना माणसं.
ब्युनोस आयरिसहून येताना गहू आणि ओली कातडी.
दोन्हींच्या मधे मी, सुतार झ्वाने,
आणि सहाशे चाळीस बर्थ.
खिळे नाहीत, खुंट्याच सगळ्या,
कारण दर खेपेला मोडायचे असतात.

शेवटचा माणूस शिडीवरून उतरला
की तळमजल्यावर मी एकटा.
चुना, व्हिनेगर, आंबूस वास,
कुणीतरी विसरलेला लसणाचा गड्डा.
एकेक फळी सोडवतो, खडूने आकडा घालतो,
भिंतीशी रचतो.

दोनशे सतरा: चाकूने एकोणीस रेघा. विसावी अर्धीच.
तीनशे चार: घोडा, पाच पायांचा.
चारशे नव्वदच्या शेजारी जागा रिकामी.
ती फळी मागच्या खेपेला
विषुववृत्ताजवळ मी रात्रीतून कापली,
हातभर लांब पेटी.
तिला मात्र खिळे मारले.

फर्स्ट ऑफिसर म्हणतो, रंधा मार.
कंपनीला कोरं लाकूड हवं.
मी होकार देतो.
रंध्याला चार दिवस लागतात, हात दोन,
आणि लाकूड काही परत वाढत नाही.
मग मी फळ्या उलट्या टाकतो,
लिहिलेली बाजू खाली.

परवा सार्डिनियाच्या पुढे समुद्र उठला.
सैल खुंटी ठोकायला गेलो, तर
खालच्या बर्थवर तोल्मिनकडची एक बाई,
कुशीत बादली धरून,
डोक्यावरच्या फळीकडे बघत ओठ हलवणारी.
प्रार्थना असेल म्हणून थांबलो.
"तसं नाही," ती म्हणाली. "इथे लिहिलंय."
मला अक्षरं येत नाहीत, आकडे तेवढे येतात.
"काय लिहिलंय?"
"सहाव्या दिवशी थांबतं.
पाव कोरडाच खा.
मागच्या नळाचं पाणी पोरांना देऊ नका."
"आणि शेवटी?"
"शेवटी नाव आहे. लुत्सि... एवढंच.
पुढचं भोकात गेलंय."

भोक माझंच,
फळी उलटी बसवताना नव्याने पाडलेलं.

"आज कितवा दिवस?" तिने विचारलं.
मी बोटं मोजली. चौथा, म्हणालो,
आणि खुंटी ठोकली,
जरा हळूच.