दुसऱ्या रेल्वे गेटपाशी

तिसऱ्या भागाच्या शेवटी
नावाडीण काहीतरी पुटपुटते
आणि नदी थांबते.
का, ते पाचव्या भागापर्यंत कुणी सांगत नाही.

टिळकवाडीचं दुसरं गेट पडलेलं,
लोंढ्याकडची मालगाडी यायचीय अजून.
सिदगौडा स्कूटर बंद करून म्हणतो,
नदी तिची आई, गा. पान एकशे चाळीस बघ की,
पाण्याला चुलीचा वास येतो.

मला नाही पटत.
माझं म्हणणं, तिनं नदी मोजली.
मोजलेली गोष्ट थांबते.

त्याच्या मागं बसलेली भारती मुचंडीकर
(पुस्तकं तिचीच; कव्हर घालून देते,
परत घेताना पानं तपासते)
विचारते, मोजली ती कुठल्या भाषेत?

आम्ही गप्प.
सिदगौडा आख्खा बाजार मराठीत करतो,
सुट्टे पैसे मात्र ओठांतल्या ओठांत
ओंदु, एरडु, मूरु.
इतकी वर्षं शेजारी, मी ऐकलंच नव्हतं.

गाडी आली. डबे त्यानं मोजले, मीही.
त्याचे बेचाळीस भरले, माझे एक्केचाळीस.

भारती म्हणाली, तीही चुकली असेल.
म्हणून थांबली असेल नदी,
पुन्हा मोजू दे बाई, म्हणून.

गेट उठलं.
मागून हॉर्न वाजत होते,
आणि स्कूटर काही केल्या सुरू होईना.