मार्गाखालील लोकसंख्या

अर्जाच्या तिसऱ्या पानावर तो रकाना होता.
हेमकांतने उपग्रहाचा नकाशा मोठा केला,
शहाद्यापासून उंबरपाणीच्या उपकेंद्रापर्यंत
पट्टीने ओढल्यासारखी रेघ ओढली
आणि शून्य भरलं.
खाली नुसता तपकिरी डोंगर,
कुठेकुठे हिरवट बुरशी.

मी म्हटलं, एकदा चालून येऊ.

बंद पडलेल्या जिनिंगमध्ये
आमचं यंत्र चादरीखाली झोपलेलं.
दोन किलो उचलायचं: सर्पदंशाची लस, रक्ताच्या नळ्या.
जिनचा वॉचमन रोज विचारायचा,
"कवय उडी भो, तुमनं पाखरू?"
परवानगी आली की.
"पाखरूले परवानगी?"
आणि हसत हसत भिंतीवरचे पारवे हाकलायचा.

दिसतंय तिथवर उडवायला कुणाची ना नव्हती.
अडलं होतं ते नजरेपलीकडचं.
दिल्लीच्या साहेबांनी पडद्यावरून विचारलं,
संपर्क तुटला तर?
वारा फिरला तर?
पडलं, तर कुणावर पडेल?
प्रश्न बरोबर होता.
तरी मला राग आला.

चैत्रात निघालो. मोह गळत होता.
वेरसिंग पावरा पुढे, त्याच्या हातात आमचा जीपीएस
त्याने तो एकदाही पाहिला नाही.
पहिली धार ओलांडली आणि घर.
कुडाचं, मातीच्याच रंगाचं,
छपरावर मोह वाळत घातलेले.
वरून पाहिलं तर डोंगरच.
मग पलीकडच्या उतारावर दुसरं,
हाक पोचेल एवढ्या अंतरावर.
मी वहीत उभ्या रेघा मारत गेले, पाचवी आडवी.
तिसऱ्या संध्याकाळी एकेचाळीस घरं, दोनशे सात माणसं.
ठुमलीबाईच्या पोटातलं धरलं तर आठ.

तिनेच विचारलं, कशाला मोजता, रेशनला?
वेरसिंगने तिच्या बोलीत बराच वेळ काही सांगितलं.
"म्हणजे पडलं तर कुणावर, ते?"
मी हो म्हटलं.
तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

शून्य खोडून दोनशे आठ लिहिलं.
हेमकांत काही बोलला नाही.
अर्ज परत आला. शेरा: जोखीम वाढली.
कुठल्याच नकाशात नसलेली ती घरं
सरकारी फायलीत शिरली
ती या दाराने.

मग रेघ वाकवली.
थोडी गोमाईच्या पात्रावरून, पुढे नाल्या-नाल्याने.
अकरा मिनिटं जास्त, बॅटरी जड,
दोन किलोचं दीड झालं.
कुठली लस ठेवायची, कुठली काढायची
यावर आम्ही दोन दिवस भांडलो.

भाद्रपदात कागद आला. सव्वीस अटी.
यंत्र केळीच्या बागांवरून गेलं,
ठिपका झालं, मग ठिपकाही नाही.
दृष्टीआड सृष्टी, म्हणतात.
मी पडद्यावरची वळणं मोजत होते.
सातव्याला ठुमलीबाईचं घर डावीकडे राहिलं.
दोनशे आठ आता खरे असतील.

वॉचमन अजून आभाळातच पाहत होता.
"गयं?"
गेलं.