नऊ इंची

झाउटलांडला आज ओहोटी साडेसहाची.
अजून अंधार आहे.
शेडमधल्या बाकावर दोन चकत्या:
पंधरा इंची, योरिसची, परातीएवढी,
हातभर खोलचं ऐकणारी,
आणि नऊ इंची, कडेचा टवका गेलेली.

मोठीनं त्यानं काय काय काढलं:
काडतुसं, जहाजाचे खिळे,
एकदा एक गिल्डर, काळाठिक्कर,
आणि खांद्याचं कायमचं दुखणं.
लाटेत ती पाण्याला अडते,
ओल्या खाऱ्या वाळूवर उगाच कुरकुरते.
तो म्हणायचा, कुरकुरू दे गं,
खोल असतं तेच मोलाचं.

असेल.

पण कालची ती फ्लिसिंगनची पोरगी,
कुत्र्याला चेंडू फेकताना अंगठी गेली तिची;
रिकामं बोट मुठीत धरून उभी होती
जणू तेही निसटेल.

कालचं हरवलेलं अजून खोल जात नाही.
चार बोटं. फार तर वीतभर.

मी नऊ इंचीचा स्क्रू पिळते
(प्लास्टिकचा; तिथं लोखंड चालत नाही),
वायर दांड्याभोवती घट्ट गुंडाळते,
सेन्सिटिव्हिटी दोन घरं खाली.

मोठी परत खुंटीवर.

कोपराचा पट्टा मात्र अजून त्याच्याच मापाचा.
आत हातरुमाल कोंबते
आणि निघते.