नकाराची नोकरी

पुन्ता अरेनासच्या कॅसिनोत
माझं काम दाराशी.
आत कोण जातं, याची मला फिकीर नाही.
कोण जाता कामा नये, ते बघायचं.
काउंटरखाली एक फाइल आहे :
ज्यांनी आपल्याच नावावर आपणच बंदी घातली
त्यांचे फोटो.

अन्सेल्मो वुकासोविच, पान सतरा.
खेकड्यांच्या बोटीवर इंजिन सांभाळतो.
सही करायला आला तेव्हा नखांत ग्रीस,
आणि सही इतकी सावकाश
जणू दुसऱ्या कुणाचं नाव गिरवतोय.
म्हणाला, "यापुढे मी जे काही बोलेन
ते ऐकू नकोस."
मी म्हटलं, बरं.

तीन आठवड्यांनी बोलायला आला.
"सही केली तो घाबरलेला माणूस होता,
मी तो नव्हेच."
मग, "फक्त संडासला जायचंय."
मग, "बहीण आत आहे, तिला निरोप द्यायचाय."
(बहीण सामुद्रधुनीपलीकडे पोर्वेनिरला असते.
शेवटची फेरीबोट कधीच गेलेली.)
एकदा नुसत्या शिव्या.
एकदा काहीच नाही,
काचेवर कपाळ टेकून उभा,
श्वासाचं धुकं काचेवर येतंय, जातंय.
माझं दर वेळी एकच :
"अन्सेल्मो, तूच सांगून ठेवलंयस."

इथे वारा असा सुटतो
की चौकाच्या कोपऱ्यांवर दोर बांधतात.
धडधाकट माणसंही
दोर धरून रस्ता ओलांडतात,
त्यांना कुणी दुबळं म्हणत नाही.
फक्त बांधायचा तो आधी.
वारा सुटल्यावर
गाठ बसत नाही.

माझंही सांगतो, उगाच साव कशाला बनू.
माझं सिगारेटचं पाकीट
कॅन्टीनच्या एदुविनाकडे असतं.
पाळीला तीन मिळतात.
चौथी मागितली
की ती आधी कपबशा घासायला लावते.
कॅन्टीनमधल्या कपबशा लख्ख आहेत.
छातीचं विचारू नका.

ऑगस्टमधली एक रात्र.
दोर ताणून ताणून वाजत होते.
समोरच्या फुटपाथवर अन्सेल्मो,
दोन्ही हातांनी दोर धरलेला,
टोपी केव्हाच उडालेली,
नजर आमच्या दिव्यांवर.
मी माझा 'नाही' जिभेवर आणून ठेवला.
तो आला नाही.
घड्याळात सोळा मिनिटं.
मग दोर सोडला,
आणि वाऱ्याला खांदा देत
घराच्या दिशेनं गेला.

खरं सांगू?
मला जरा रितं वाटलं.
न वापरलेला 'नाही' तोंडात तसाच,
विरघळेना, गिळवेना.
एदुविनाला म्हटलं, चौथी दे.
ती म्हणाली, कपबशा.

तुम्हाला वाटेल, सुटला बिचारा.
पुढच्याच गुरुवारी दाराशी हजर.
वाद नाही, बहीण नाही, काही नाही.
म्हणाला, "आज म्हण."
मी म्हटलं, नाही.
मान हलवली, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली,
विचारलं, "डबा काय आणलायस?"
मसूर, मी म्हटलं.
म्हणाला, मसूर थंड झाल्यावर बरा लागतो.
आणि गेला.

आता कधी येतो, कधी नाही.
बोट समुद्रात असली की महिनाभर नाही,
तेव्हा मला उगाच पान सतरा उघडावंसं वाटतं.
फोटोत तो भेदरलेला आहे.
त्या भेदरलेल्याचाच शब्द
मी इतके दिवस पाळतोय.

बंदीची मुदत मार्चमध्ये संपेल.
तेव्हा तो येईल,
खुर्ची ओढून समोर बसेल.
बंदी उठवायचा एक कागद आहे,
वाढवायचा एक.
दोन्ही याच खणात, एकावर एक.
कुठला वर ठेवायचा,
यावर मी तीन रात्री विचार केला,
मग शेजारी शेजारी ठेवले.

पेन मात्र एकच आहे.
काल पाठीमागच्या कोऱ्या पानावर
चालवून पाहिलं.
उमटतंय.