सातवा संच

पाठटाचणाच्या वहीत पहिला रकाना : उद्दिष्ट.
मी लिहिते, ‘विद्यार्थी मुलाखत घेतील.’
मग खोडते. फारच ऐटीत उभं आहे वाक्य.
‘प्रत्येकजण एक प्रश्न विचारेल.’
एवढं बास. सहा मुलं, सहा प्रश्न.
मराठीत की गुजरातीत?
बडोद्यात हे कोण विचारतं; ज्याला जी आधी सुचेल ती.

मुस्तनसीरच्या डोळ्यांपुढे अक्षरं जागा सोडतात,
म्हणून त्याच्या कार्डावर नुसता कुकर, पुढे प्रश्नचिन्ह.
प्रश्नचिन्ह तोच काढतो, उलटं.
सुलटं करून देणं मी दिवाळीनंतर सोडलं.
हिरलला एकच प्रश्न येतो : ‘तुम्ही जेवलात?’
तो पहिला ठेवू.
तन्वेश उत्तराआधीच पुढचं विचारतो,
त्याच्या मुठीत रबरी चेंडू द्यायचा,
समोरचा थांबेपर्यंत दाबून धरायला.
आणि याज्ञिकचा शब्द मनातून ओठांवर यायला
अकरा सेकंद लागतात. मोजलेत मी.
अकरा सेकंदांना टाचणात रकाना नव्हता.
पट्टी घेऊन आखला.

संध्याकाळी मांडवीपलीकडे गेले, जशुभाईंच्या दुकानी.
म्हटलं, उद्या कुणी मधेच गप्प झालं
तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.
त्यांनी स्टोव्हची पिन खाली ठेवली, हात पुसले.
‘पण बेन, मला काय विचारणार?
शाळेत मास्तरांनी बोट केलं की मी नळाकडे पळायचो.’
मी प्रश्नांची यादी पुढे केली,
ठळक अक्षर, दोन ओळींत भरपूर जागा.
कागद त्यांनी लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब.
‘चष्मा घरी राहिला.’
चष्मा सदऱ्याच्या खिशात होता,
एक काडी बाहेर आलेली.

माझंच अक्षर गिचमिड आहे, म्हणत
मी यादी परत घेतली.
चहा आला. दोघांनी बशीतून प्यायलो, काही न बोलता.
मग कुकरची शिट्टी तळव्यावर तोलत ते म्हणाले,
‘ही आणू का सोबत? हातात काही असलं
की मला बोलता येतं.’

आता साडेदहा वाजलेत.
जुन्या लग्नपत्रिका कापतेय, पुठ्ठा चांगला निघतो त्यांचा.
मागे कुणाकुणाची आग्रहाची निमंत्रणं, पुढे माझी चित्रं :
दुकान. हातोडी. लहान मुलगा. नळ.
नळ काढला आणि थबकले.
राहू दे? त्यांनी विश्वासानं सांगितलं होतं.
तो बाजूला ठेवला, त्याजागी चहाची बशी.

मूल्यमापनाचा रकाना कोराच आहे.
मोठ्या बाई विचारतील, काय साधलं?
त्यांना उत्तर द्यायला
मीही अकरा सेकंद घेईन.

कात्री बोटाला रुतते आहे.
मुलं सहा.
कार्डांचे संच सात.